एक जून नसलेली पोरं

दरवर्षी १ जूनला फेसबुक उघडलं की वाढदिवसांची रांग लागलेली असते. मोठे मामा, मामांचे साडू, बाबांच्या ऑफिसातले निम्मे लोक, सोसायटीचे माजी चेअरमन, गावाकडचे झाडून सगळे तात्या आणि अण्णा. सगळे एक जूनचे. कारण आपल्याला माहितीये, त्यामुळे आता कुणी हसत पण नाही. पोरगं शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख विचारली तर आईबापाला माहीत नाही, गुरुजींनी पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावला, हात पोचला, मग वय बसेल असं वर्ष धरलं आणि पुढं लिहून टाकलं १ जून. शाळा जूनमध्ये सुरू होते, तारीख सोयीची. मग त्याच पोरांच्या म्हातारपणी ३१ मेला सरकारी ऑफिसांत निरोपसमारंभांची झुंबड उडते, नारळ आणि शाली महाग होतात, कारण एक जूनचा माणूस आदल्या दिवशी रिटायर होतो.

माझी आजी प्राथमिक शिक्षिका होती, नाशिक जिल्हा परिषदेची, आणि तिच्या हातच्या रजिस्टरमध्ये एक जून फार कमी होते.

आजी यंदा पावसाळ्यात गेली. सत्त्याऐंशी वर्षांची होती, शेवटचे काही महिने सोडले तर हिंडतीफिरती, पेपर वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेनानं गोल करणारी. त्यामुळे फार मोठा धक्का वगैरे म्हणता येणार नाही. पण ती गेल्यावर इतके लोक आले आणि तिच्याबद्दल इतकं काय काय बोलले, की त्यांच्या बोलण्यातली बाई आणि आमच्या घरातली आजी ह्यांची मला सांगडच घालता येईना. म्हणून हे लिहायला बसले. लांबलं तर समजून घ्या.

तर सुरुवातीपासून. आजी नाशकातलीच, तिवंध्याजवळच्या वाड्यातली. सातवीला तेव्हा फायनल म्हणायचे, ती पास झाली, मग ट्रेनिंग केलं, आणि १९५८ साली तिला पहिली नेमणूक मिळाली ती पेठकडे. तेव्हा जिल्हा परिषदा नव्हत्या, त्या १९६२ ला आल्या, त्याआधी प्राथमिक शाळा स्कूल बोर्डाकडे होत्या, आणि आजी शेवटपर्यंत ‘मी बोर्डात लागले’ असंच म्हणायची. नाशिकहून पेठला जाताना सावळघाट लागतो, करंजाळी लागतं, तिथून डांबरी सोडून आत चालत जायचं, असं ते गाव. गाव म्हणजे चार पाडे, चारही वेगवेगळ्या टेकाडांवर. शाळा एकशिक्षकी. कोकणा आणि वारली पोरं. पाऊस असा की जून ते सप्टेंबर कपडे वाळतच नाहीत, असं ती सांगायची. एकवीस वर्षांची, तिवंध्याच्या वाड्यात वाढलेली मुलगी तिथे एकटी कशी राहिली असेल ह्याचं मला फार कौतुक वाटायचं, मी तसं म्हटलं की ती म्हणायची, त्यात काय, तिथल्या बायका राहतच होत्या की.

आता रजिस्टर. शाळेत एक जनरल रजिस्टर असतं, पोराचं नाव दाखल झालं की त्यात जे लिहिलं जातं ते जन्मभर पुरतं. दाखला त्यावरून, नोकरी त्यावरून, पेन्शन त्यावरून. आजीच्या आधीच्या गुरुजींनी अर्थातच एक जूनचा रतीब घातलेला होता. आजीला ते पटेना. का पटेना, तर ह्याचं कारण मी तिला एकदा विचारलं होतं, मला वाटलं काहीतरी भारी सांगेल, माणसाची ओळख वगैरे. तिने सांगितलं ते असं, की पाच वर्षांचं पोर आणि पावणेसहा वर्षांचं पोर ह्यांच्यात फार फरक असतो, एकाला पेन्सिल धरता येते आणि दुसऱ्याला येत नाही, आणि तारीखच खोटी असेल तर जे लहान आहे त्याला आपण उगाच ढ म्हणत बसतो. बास. एवढंच.

मग ती आयांकडे जायची. बापाला विचारून उपयोग नसतो असं तिचं ठाम मत होतं. आईला तारीख माहीत नसते पण बाकी सगळं माहीत असतं. नागली निसवली होती का? वाघबारस झाली होती का? डोंगऱ्यादेव बसला होता की उठला होता? शिमग्याला पोटात होता की मांडीवर? चांदणं होतं की अंधार? आणि वर्षासाठी मग ज्या साली साथ येऊन बकऱ्या मेल्या त्या सालचा का, ह्याच्या थोरल्या भावाचे दुधाचे दात पडले होते का, पलीकडच्या पाड्यातली अमकीची पोरगी ह्याच्या आधीची का नंतरची. हे सगळं वहीत लिहून ती शनिवारी नाशिकला घेऊन यायची. आमच्या वाड्यात तिच्या सासऱ्यांनी जपून ठेवलेली दाते पंचांगं होती, ट्रंकभर, वर्षावर वर्ष रचलेली. रविवारी ती ट्रंक उघडायची आणि भाद्रपद वद्यातला अंधार, नागलीचं कणीस आणि बकऱ्यांची साथ असं करत करत एका तारखेवर यायची. अगदी तोच दिवस असेल असं नाही, ती तसं म्हणायची पण नाही. दोन-चार दिवस इकडेतिकडे. पण महिना पक्का.

तपासणीला दिपोटी साहेब आले (शाळा तपासनिसाला जुने लोक दिपोटीच म्हणतात), त्यांनी रजिस्टर बघितलं आणि म्हणाले, बाई, ह्या तारखांना आधार काय? आजीने ती वेगळी वही पुढं केली. ते म्हणाले हा सगळा अंदाज आहे. आजी म्हणाली, साहेब, एक जून पण अंदाजच आहे, माझा जरा जवळचा आहे. ह्या संवादाचं शेवटचं वाक्य आजी दर वेळी थोडं वेगळं सांगायची, त्यामुळे नेमकं काय झालं देव जाणे, पण तारखा राहिल्या.

आणि त्याचा पुरावा दहाव्याला समोर येऊन उभा राहिला. रामकुंडावर ज्यांनी कधी दहावा केलाय त्यांना माहितीये तिथे काय गर्दी असते, एकीकडे आपलं रडू, एकीकडे परराज्यातून अस्थी घेऊन आलेली चाळीस माणसांची बस, मध्येच फुगेवाला. त्या गर्दीत एक गृहस्थ बाबांना शोधत आले. पांढरा शर्ट, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, बाईंनी माझी तारीख सप्टेंबरची लिहिली, १९५६ च्या सप्टेंबरची. माझ्याबरोबर तलाठी म्हणून लागलेले एक जूनवाले सगळे २०१४ च्या मेअखेर घरी बसले. मी सप्टेंबरअखेर. चार महिन्यांचा पगार बाईंमुळे जास्त खाल्ला मी. आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना जे रडू फुटलं ते थांबेचना. आमच्या आत्याला वाटलं हे जवळचे नातेवाईक, तिने त्यांना पुढं बसवलं.

त्याच दिवशी तीर्थोपाध्यांच्या वहीत नाव लिहायचं होतं. नाशिकच्या गुरुजींकडे ह्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गावावरून आणि आडनावावरून शोधतात, आपला खापरपणजा कधी गंगेवर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) येऊन गेला ते सापडतं. गुरुजींनी विचारलं, मयताचं नाव, यजमानांचं नाव, मुलं. बाबांनी सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, पुढं प्राथमिक शिक्षिका लिहा. गुरुजी म्हणाले तसं लिहायची पद्धत नाही. बाबा म्हणाले लिहा. बाबा कुणाशी कधी हुज्जत घालत नाहीत, त्यांना मी भाजीवाल्याकडे पण घासाघीस करताना बघितलेलं नाही. गुरुजींनी लिहिलं. बाबांनी वाकून बघितलं आणि क्षि ऱ्हस्व आहे ना ह्याची खात्री केली.

बाबांचं हे वागणं मला नवीन होतं, कारण आजीच्या शाळेबद्दल बाबा आयुष्यभर गप्पच असायचे.

बाबांचा जन्म १९६२ चा. आजोबा प्रेसला होते, नाशिकरोडला, म्हणजे नोटा-तिकिटं छापतात त्या प्रेसला, तिवंध्याहून सायकलवर जायचे. बाबा तीन महिन्यांचे झाले आणि आजी परत पेठला रुजू झाली. बाळ वाड्यात, सासूजवळ. सोमवारी पहाटेची पहिली एसटी, शनिवारी सकाळची शाळा करून मिळेल त्या गाडीने परत. पावसाळ्यात सावळघाटात दरड आली की शनिवार पण गेला. असं बाबा दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत चाललं, मग तिची बदली दिंडोरीकडे झाली आणि ती रोज जाऊन-येऊन करायला लागली, आणि शेवटची काही वर्षं गिरणाऱ्याच्या बाजूला.

हिशेब केला तर आठवड्याला दीड दिवस आई. आणि त्या दीड दिवसातला बराचसा वेळ ती ट्रंकेसमोर बसून दुसऱ्यांच्या पोरांचे वाढदिवस शोधत होती. बाबांचा स्वतःचा वाढदिवस पौषात, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत, तो वारानुसार कधी तिला सापडायचा कधी नाही. नाही सापडला तर शनिवारी पेढे. हे मला बाबांनी कधी सांगितलं नाही, आत्याने सांगितलं, आणि आत्या ही बाबांपेक्षा बरीच लहान, ती दिंडोरीच्या बदलीनंतरची, म्हणजे तिला रोज आई मिळाली. आत्याच्या आठवणीतली आई आणि बाबांच्या आठवणीतली आई ह्या दोन वेगळ्या बायका आहेत. आत्या तिला माउली म्हणते.

मला विचाराल तर आजी काही माउली वगैरे नव्हती. म्हणजे वाईट अर्थाने नाही. पण आजीच्या हातचे लाडू, आजीची मऊ गोधडी, आजीच्या गोष्टी असं जे लोक लिहितात ते मी वाचते आणि मला गंमत वाटते. आमच्या आजीला स्वयंपाक जेमतेम यायचा. घरात सगळं तिच्या सासूने केलं, नंतर माझ्या आईने. गोष्टी ती सांगायचीच नाही, पुस्तक हातात द्यायची आणि वाच म्हणायची. मांडीवर घेणं हा प्रकार नव्हता. मी तिला वाढदिवसाचं कार्ड करून दिलं होतं, पहिली-दुसरीत असताना, तर तिने ‘शुभेच्छा’तला शु बरोबर आहे हं, पण ‘हार्दीक’मधला दि ऱ्हस्व, असं सांगून कार्ड कपाटाला चिकटवलं. ते कार्ड अजून आहे तिथे. दुरुस्तीसकट.

पण एखादी गोष्ट समजत नसली की आजीकडे जायचं, हे आम्हा सगळ्या नातवंडांना आपोआप कळलेलं होतं. कारण ती कधी चिडायची नाही. आई चिडायची, बाबा सुस्कारा टाकायचे, क्लासच्या मॅडम ‘अगं हे मागच्या वर्षीचं आहे’ म्हणायच्या. आजी फक्त एक पायरी खाली उतरायची. तिथे पण नाही कळलं, तर अजून एक पायरी. ती किती खाली उतरू शकते ह्याला तळच नव्हता. अपूर्णांकांचा भागाकार मला चिंचोक्यांपर्यंत उतरून समजावलाय तिने, आणि नववीतली मी चिंचोके मांडत बसले होते त्याची मला काडीची लाज वाटली नाही. हे कसब आहे. प्रेमळपणा वेगळा आणि हे वेगळं. प्रेमळ माणसं पण शिकवताना चिडतात.

पाढ्यांच्या बाबतीत मात्र ती जुन्या वळणाची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी, हे सगळं तिला येत होतं आणि बुधवारच्या बाजारात गंगेवर भाजी घेताना ती ते वापरायची पण. पाऊण किलो गवार, भाव असा असा, तोंडातून आकडा बाहेर, भाजीवाली अजून मोबाईलवर कॅल्क्युलेटर शोधतेय. पण हे सगळ्यांना यायलाच हवं असा हट्ट नव्हता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, बावीसला ‘वीस दोन’ असं वाचायची पद्धत आली आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला आठवतंय का? टीव्हीवर चर्चा, विधानसभेत टिंगल, आणि निवृत्त शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप तर पेटलेच होते. आम्ही सगळे आजीच्या तोंडाकडे बघत होतो, आता ही काय फोडणी घालते बघू. आजीने पेपर खाली ठेवला आणि म्हणाली, बरं केलं की. मी पेठला साठ सालापासून हेच करत होते.

मग तिने जे सांगितलं ते मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं असं नाही, माझ्या लक्षात आहे ते. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. आपल्या घरात कानावर पडून पडून ते बसतं, आपल्याला कळत पण नाही की हे अवघड आहे. पण ज्या पोराच्या घरात ही मराठीच बोलत नाहीत त्याने काय करायचं? ती पोरं पंचवीस म्हणून बावन्न लिहायची, आणि आधीचे गुरुजी त्यांना छडी मारायचे. आजीने काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधले, दोन दहा आणि वर पाच, असंच म्हणायचं, असंच लिहायचं, महिना-दीड महिना हेच. मग एक दिवस सांगायचं, ह्याला नाशकातले लोक पंचवीस म्हणतात. पोरं हसायची म्हणे. नाशकातले लोक उलटे आहेत असं त्यांचं मत झालं होतं.

भाषेचं पण तसंच. पहिले तीन-चार महिने पोरांना त्यांच्या बोलीत बोलू द्यायची. स्वतः ती शिकली, तोडकीमोडकी का होईना. आज ह्या विषयावर वर्कशॉप होतात, पीपीटी असते, मातृभाषेतून प्रारंभिक शिक्षण वगैरे. आजीने ते केलं कारण दुसरा काही इलाज नव्हता, तिला त्यांचं कळत नव्हतं आणि त्यांना हिचं.

अजून एक आठवलं ते मध्येच सांगून टाकते. फळा. तेव्हाचा लाकडी फळा पांढरा पडायचा, त्याला काळं करायला पोरं जुन्या बॅटरीच्या सेलमधली काळी पूड घेऊन यायची, पाल्याच्या रसात कालवून ती फळ्याला चोळायची. शनिवारी जमीन शेणानं सारवायची. त्यामुळे बाबांना लहानपणी आई म्हटलं की शेण, एसटीचा धूर आणि तो पाल्याचा उग्र वास असं सगळं एकत्र आठवतं. हे मात्र त्यांनी स्वतः सांगितलं मला.

दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. गावं जगायला जायची. भात निघालं की तिकडे काम नाही, मग दिंडोरी, निफाड, कुठे मळे, कुठे वीटभट्ट्या, नंतरच्या काळात द्राक्षांच्या बागा, बिऱ्हाडं उचलून सगळे खाली उतरायचे आणि पोरं बरोबर. पटावर नाव आहे, पोर नाही. बरेचसे मास्तर हजेरी लावून मोकळे व्हायचे, त्यात सगळ्यांचीच सोय होती. आजी शनिवारी नाशिकला येताना वाटेत दिंडोरी तालुक्यात उतरायची आणि मळ्यामळ्यातून फिरून आपली पोरं शोधायची. सापडली की काय करणार, परत थोडीच नेता येतात. तर पाटीवर आठवड्याचं काम लिहून द्यायची, आणि तिथे जवळ शाळा असेल तर तिथल्या मास्तरांना जाऊन सांगायची की ही माझी पाच पोरं होळीपर्यंत तुमच्याकडे बसू द्या. काही बसवायचे. काही म्हणायचे आमच्या पटावर नाहीत. आणि म्हणून ती शनिवारी घरी पोचायची ती रात्री, बाबा झोपलेले असायचे.

इथे आलं की लोकांना त्याग आठवतो. काकाने पेपरला द्यायचा मजकूर लिहून आणला होता त्यात त्यागमूर्ती होतं, ज्ञानदानाचं पवित्र कार्य होतं, विद्यार्थ्यांसाठी वाहिलेलं आयुष्य होतं. बाबांनी पेन घेऊन सगळं खोडलं आणि निवृत्त प्राथमिक शिक्षिका एवढं ठेवलं. काका दुखावला. बाबा म्हणाले, अरे, ती पगार घेत होती.

ऐकायला कोरडं वाटेल, पण हे वाक्य आजीचंच आहे. सत्काराला कुणी बोलावलं आणि माइकवरून असलं काही सुरू झालं की ती उठून सांगायची, की मी पगार घेत होते, आणि कमी वाटला तेव्हा भांडून घेतला. १९७७-७८ चा राज्य कर्मचाऱ्यांचा तो ५४ दिवसांचा संप, त्यात आजी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होती. घर तेवढे दिवस आजोबांच्या पगारावर चाललं. मोर्चात घोषणा द्यायला तिचा आवाज फार उपयोगी पडला म्हणे, एकाच खोलीत चार वर्ग एकदम सांभाळून तयार झालेला आवाज होता तो. माझ्या मते आजीला समजून घ्यायचं तर हा संप आणि ते दिंडोरीचे मळे एकत्रच बघायला हवेत. हक्काचा एक पैसा सोडायचा नाही आणि कामातलं एक पोर सोडायचं नाही. त्याग म्हटलं की कसं, ती देवी होते आणि बाकीचे सुटतात. देवीसारखं वागायची सक्ती कुणावर नसते ना. पण ती नोकरी होती, आणि आजीच्या मते नोकरीत एवढं करायचंच असतं. ह्याच्याएवढं अवघड दुसरं काही नाही, कारण मग तुलना सुरू होते. दहाव्याला आलेल्या दोन-तीन सध्याच्या शिक्षकांनी मला हळूच सांगितलं की आता कामं फार वाढलीत, ॲपवर माहिती भरा, फोटो टाका, खिचडीचा हिशेब ठेवा, निवडणुका करा. खरं आहे ते. खिचडी वगैरे आजीच्या वेळी नव्हती, शालेय पोषण आहार सुरू झाला १९९५ ला आणि आजी त्याच वर्षी रिटायर झाली. पण जनगणना तेव्हाही होती, मतदार याद्या होत्या, आणि आणीबाणीत नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं. त्या दोन वर्षांबद्दल आजी काहीच बोलायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, चहा टाक. मी परत विचारलं नाही.

रिटायर झाल्यावर वाडा पण खचायला लागला होता, मग आम्ही हिरावाडीत फ्लॅट घेतला. तिथून पेठ नाका जवळ. संध्याकाळी ती नाक्यापर्यंत चालत जायची आणि पेठकडून आलेल्या गाड्यांतून उतरणाऱ्या लोकांकडे बघत उभी राहायची, कुणी ओळखीचं दिसलं तर चौकशा. कोण कोण शिकतंय, कोणाचं लग्न झालं, कोण जगायला गेलं. आता ती पोरं एकटी येतात, मोठ्या बॅगा घेऊन, पोलीस भरतीच्या अकॅडमीत नाहीतर नर्सिंगला, ह्याचा तिला केवढा आनंद व्हायचा. तेवढंच एक ती आनंदाने सांगायची घरी आल्यावर, आज एक मुलगी भेटली, एकटी आली होती, एकटी.

बाबा ह्यातल्या कशातच नसायचे. आईशी भांडण नाही, अबोला नाही, शेवटी शेवटी तिची औषधं, डायपर, सगळं त्यांनीच केलं, बाई ठेवू म्हटलं तर नको म्हणाले. पण पेठचा विषय निघाला की ते गॅलरीत जायचे. दहाव्याला मंडळ अधिकाऱ्यांनी नागलीचं पीठ दिलं त्याच्या भाकरी आईने घरी आल्यावर केल्या, बाबा दोन खाऊन अजून एक मागून बसले, आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, बाबा, तुम्हाला आजीचा कधी राग आला नाही का हो?

त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, मला वाटलं आता गॅलरीत जातात. मग म्हणाले, तिचा नाही. एसटीचा यायचा. अख्खा आठवडा लेट असायची ती गाडी, आणि सोमवारी साली बरोब्बर वेळेवर.